साडूभाऊंची खालची कवळी

माझ्या साडूभाऊंच्या शर्टाच्या खिशात कायम एक घडी घातलेला रुमाल असायचा. तो घाम पुसायचा रुमाल नव्हता. त्यात त्यांची खालची कवळी असायची. जेवायला बसलं की ते तोंड वळवून ती बसवायचे, चार घास कसेबसे गिळायचे आणि पुन्हा तोंड वळवून ती रुमालात ठेवायचे. घरच्या जेवणात हा प्रकार झाला की सगळे आधी त्यांच्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. कारण ती कवळी मी केलेली होती.

मी कवळ्या करतो. डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा जबडा तयार होऊन माझ्याकडे येतो, मग मी त्यावर मेणात दात मांडतो आणि पुढे मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरतो. माझ्या खोलीत फळ्यांवर अनोळखी माणसांचे जबडे ओळीने ठेवलेले असतात आणि सगळ्यावर पांढरी धूळ असते. माझी कवळी बसत नाही असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, पोटच्या पोराला कोणी बोललं तर तुम्ही हसून सोडून द्याल, कवळीला बोललेलं तुम्हाला खपत नाही. खरं आहे तिचं.

पण खालच्या कवळीचं दुखणं वेगळंच. वरची टाळूला चिकटून बसते, आतली हवा निघून गेली की झालं काम. खालचीला टाळू नाही. घोड्याच्या नालासारखी ती हिरडीच्या कडेवर नुसती ठेवायची. मधे जीभ, बाहेरून गाल आणि ओठ, आणि ही सगळी मंडळी दिवसभर तिला ढकलत असतात. त्यात दात गेले की खालचं हाड वरच्यापेक्षा भराभर झिजतं. साडूभाऊंचा जबडा माझ्या फळीवर आहे. त्यावरची हिरडीची कड बोटाने चाचपून शोधावी लागते. एवढ्याशा कडेवर कवळी बसवायची म्हणजे पाट्यावर अंडं उभं करायचं. हे मी पुष्कळदा समजावलं, पण जेवायला बसलेल्या माणसांना कारणं नको असतात.

साडूभाऊंची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही दोघंही तिला ताई म्हणतो. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ताईंनी मला मुद्दाम गोदाम बघायला पाठवलं. नवऱ्याच्या कामाचा त्यांना फार अभिमान.

साडूभाऊ धान्याच्या गोदामावर पारख करायचे. ट्रक फाटकात आला की पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसायची, तळहातावर गहू घ्यायचा, फुंकर मारून भूस उडवायचं आणि दाणा पुढच्या दातांत धरून चावायचा. त्या वेळी ते डोळे बारीक करायचे आणि मान जराशी कलती करायचे. सुका दाणा कट्कन तुटतो, ओला दबतो. पण या दोहोंच्या मधे किती पायऱ्या आहेत ते त्या मानेलाच ठाऊक. मग ते एकच शब्द बोलायचे. ‘सुका’ म्हणाले की पोती थेट आत. ‘थांबा’ म्हणाले की नमुना ऑफिसातल्या यंत्राकडे जायचा आणि तिथे ओलावा मोजायचा. प्रत्येक गाडी यंत्राला लावायची तर रांग रस्त्यावर जाईल, म्हणून मालकांनी पहिला शब्द यांच्यावर सोपवलेला. ओला गहू चुकून आत गेला तर तो थप्पीत तापतो, त्याला बुरशी धरते आणि शेजारच्या चांगल्या पोत्यांनाही तो घेऊन बुडतो. एवढा भार त्या एका शब्दावर.

मलाही त्यांनी एक दाणा दिला होता. मी चावला आणि सुका म्हणून ठोकून दिलं. ते हसले. “साडूभाऊ, तुम्ही दात करा. दाणा आमच्यावर सोडा.”

पुढे हिरड्यांच्या दुखण्याने त्यांचे दात हलायला लागले आणि एकेक करत सगळे गेले. मी कवळ्या केल्या. कामावर जाताना ते दोन्ही लावून जायचे. मधूनमधून मी गोदामाकडून जायचो तेव्हा ते फाटकात उभे दिसायचे. तळहात तोंडाशी, मान कलती, आणि मग तो शब्द. मला बरं वाटायचं. जेवताना रुसणारी माझी कवळी निदान कामावर तरी उपयोगी पडते आहे, असं मी मनाशी म्हणायचो.

मधे एकदा एक थप्पी तापली. पोत्यात हात घातला तर गहू कोमट लागला आणि कुबट वास सुटलेला. थप्पी खिडकीजवळ होती. वॉचमनने खिडकी उघडी टाकली असणार, पाऊस आत आला असणार, असं ठरलं. वॉचमन म्हणत होता की मी खिडकी लावली होती. त्याचं कोणी ऐकून घेतलं नाही. मालकांनी त्याला चार माणसांत फैलावर घेतलं आणि पुढच्या फाटकावरून काढून मागच्या फाटकावर बसवलं, जिथे दिवसभर कुत्रंही फिरकत नाही. आत आलेलं पोतं मुळात ओलंच होतं की काय, ही शंका कोणालाच आली नाही. पारख साडूभाऊंनी केली होती ना.

खाणं मात्र दिवसेंदिवस सुटत चाललं. मऊ भात, दुधात बुडवलेला पाव, कुस्करलेला बटाटा. माणूस वाळला. शेवटी ताईंनी हट्टाने त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. नवी कवळी मीच करणार म्हणून मलाही बोलावलं. खोली लहान, खुर्च्या कमी, त्यामुळे ताई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि आत आम्ही तिघं.

डॉक्टरबाई धीराने समजावून सांगणाऱ्या. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवू, म्हणाल्या. हाडात रुजणारे दोन लहान स्क्रू. त्यांची गोल डोकी हिरडीच्या वर राहतील आणि कवळीच्या आतून त्यांना बसणाऱ्या टोप्या. टिचबटणासारखं लावायचं, काढायचं. मग त्यांनी मी आणलेला प्लास्टरचा जबडा उचलला आणि त्यावर पेन्सिलने दोन खुणा केल्या.

“या दोन खुणांमधून एक आडवी काठी गेली आहे असं समजा. कवळी या काठीवर टेकणार. काठीच्या मागे, दाढांवर जोर दिलात तर खाली हिरडी आहे, ती धरून ठेवते. काठीच्या पुढे जोर दिलात तर कवळीची मागची बाजू उचलते. मुलांच्या बागेतल्या सीसॉसारखं.”

साडूभाऊ मान हलवत होते.

“तुमचं हाड इथे, जरा मागे, जास्त जाड आहे,” त्या म्हणाल्या. “इथे बसवले तर काम सोपं, आणि दाढांनी चावायला छान. पण मग पुढच्या दातांनी काही चावायचं नाही. पुढून चावत असाल तर मला खुणा पुढे घ्याव्या लागतील. तिथे हाड अरुंद आहे. होईल, पण जपून करावं लागेल, आणि तुम्हाला थोडा त्रास जास्त. म्हणून आधी विचारते. पुढच्या दातांनी तुम्ही काही चावता का?”

“नाही,” साडूभाऊ म्हणाले.

मी चमकलो. जो माणूस आयुष्यभर पुढच्या दातांच्या जोरावर जगला तो नाही म्हणतो? मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. हा माणूस मला गयावया करत होता. मी मूग गिळून बसलो. डॉक्टरबाईंनी मागच्या खुणा गडद केल्या.

माप जुळवायला त्यांची जुनी कवळी मी सोबत घेऊन आलो होतो. खोलीवर आल्यावर ती धुतली, दिव्याखाली धरली आणि भिंगातून पुढचे दात बघितले. प्लास्टिकचे दात काही लपवत नाहीत. सुपारी खाणाऱ्याच्या दाढा सपाट होतात, दातात सुई धरणाऱ्याच्या दाताला खाच पडते. रोज गहू चावणाऱ्याच्या पुढच्या दातांची धार पार खरबरीत व्हायला हवी, चकाकी उडायला हवी. हे दात कोरे होते. मी पॉलिश करून दिले होते तसेच्या तसे. क्षणभर मला माझ्या कामाचा अभिमानच वाटला, किती टिकलंय बघा म्हणून. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी खुर्चीत बसलो.

दुसऱ्या दिवशी ते कवळी न्यायला आले. मी कवळी टेबलावर ठेवली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

“साडूभाऊ, या दातांनी तुम्ही एकही दाणा चावलेला नाही.”

त्यांनी भिंग डोळ्याला लावलंच नाही. “तुमची कवळी चावू देते कुठे?” म्हणाले. “पुढे दाणा धरला की ही मागून उठते. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर हातात आली असती. थोडक्यात वाचलो.”

कवळीचं नाव काढल्यावर मी उसळायला हवं होतं. पण उसळलो नाही. “मग करता काय?”

“तोंडात टाकतो. जबडा हलवतो. गिळतो.”

“आणि सुका की ओला?”

“थोडं हाताला कळतं. थोडं वासाला. गाडी कुठून आली त्यावरून थोडं. बाकी देवावर. शंका आली की ‘थांबा’ म्हणतो. पण दर गाडीला थांबा म्हणून कसं चालेल? लोक म्हणतील, याला आता कळेनासं झालं.”

“आणि ती तापलेली थप्पी?”

ते फळीवरच्या जबड्यांकडे बघत राहिले. “ती मीच आत घेतली,” म्हणाले.

मी विचारलं, मग डॉक्टरबाईंना खरं का नाही सांगितलं, आता तर दाणा पुन्हा चावता आला असता. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

“ते स्क्रू मागे बसले असते ना, तर पुढून चावायला डॉक्टरांचीच मनाई. मग मालकांना तसं सांगता आलं असतं. नवीन दात आहेत, दाणा चावायचा नाही म्हणून सांगितलंय. मला सन्मानाने ऑफिसात बसवलं असतं. आजवर काय करत होतात, हे कोणी विचारलं नसतं. मी सुटलो असतो.”

“तुम्ही सुटला असता,” मी म्हणालो. “तो मागच्या फाटकावर बसलाय, त्याचं काय?”

त्यांनी आपला प्लास्टरचा जबडा फळीवरून उतरवला आणि कडेवरून बोट फिरवलं. “पुढे म्हणजे नक्की कुठे येतं?” त्यांनी विचारलं. मी जागा दाखवली. त्यांनी तिथे अंगठा टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला, जबडा जागेवर ठेवला आणि निघून गेले. टेबलावरची कवळी न्यायची विसरले.

आठवडा सरायच्या आत डॉक्टरबाईंचा फोन आला. “तुमचे साडू एकटेच येऊन गेले. पुढून चावतात म्हणे. गहू. आधीच का नाही सांगितलं कोणास ठाऊक. मी खुणा पुढे घेतल्या आहेत.”

मग माझीही जबाबदारी वाढली. नव्या कवळीत मी पुढचे दात दोराभर आत घेतले, म्हणजे ते बाईंच्या त्या काठीच्या फार पुढे राहणार नाहीत. दिसायला ओठ किंचित आत गेला असता, म्हणून तिथे गुलाबी भाग थोडा भरला. हे काम मी पुन्हा पुन्हा मोडून केलं. आयुष्यात इतक्या कवळ्या केल्या, पण कोणाच्या तोंडातून खरं निघावं म्हणून दात मांडायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

स्क्रू बसवले त्या दिवशी साडूभाऊंना चांगलाच त्रास झाला. सुजलेल्या तोंडाने त्यांनी मला फोन केला आणि बोबड्या आवाजात दोन शिव्या दिल्या, त्यावरून सगळं ठीक आहे हे कळलं. हाडाने स्क्रू धरेपर्यंत काही महिने रजा आणि पुन्हा मऊ भात. मग डॉक्टरबाईंनी नवी कवळी बसवली. टक् असा आवाज आला. साडूभाऊंनी जिभेने ती ढकलून पाहिली. हलली नाही. त्यांनी पुन्हा ढकलली. मग त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

त्या संध्याकाळी ताईंनी सफरचंद कापून दिलं. साडूभाऊंनी ते दाढांनी चावून खाल्लं, मग गाजर, मग भाजलेले शेंगदाणे, आणि तोंड एकदाही वळवलं नाही. ताई पदराने डोळे पुसत होत्या. माझ्या बायकोने मला कोपर मारलं आणि म्हणाली, “बसली हो तुमची कवळी.” मी म्हणालो, कवळी आधीही बरी होती, जमीन वाईट होती. पण त्या दिवशी मी वाद वाढवला नाही.

एक गोष्ट डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवली होती. पुढून चावा, पण एकेक दाणा आणि हलक्या हाताने. आणि स्वतःच्या दातासारखं कळणार नाही. आपल्या दाताभोवती एक नाजूक पडदा असतो, दातात केस आला तरी तो सांगतो. स्क्रूला तो पडदा नाही, तो थेट हाडात. जोर लावता येईल, बारकावा लगेच येईलच असं नाही.

ते कामावर रुजू झाले त्या सकाळी मी माझी खोली बंद ठेवून त्यांच्याबरोबर गेलो. माझं काम कसं चालतंय ते बघायचं आहे, असं मी सांगितलं. त्यांनीही तसं मानून घेतलं.

पहिली गाडी आली. त्यांनी नळी खुपसली, तळहातावर गहू घेतला, फुंकर मारली. दाणा पुढच्या दातांत धरला. कट् झालेलं मला बाजूला उभं असून ऐकू आलं. कवळी जागची हलली नाही. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. हमाल वाट बघत होते. मालक ऑफिसच्या दारात उभे होते.

साडूभाऊंनी डोळे बारीक करून मान कलती केली. दुसरा दाणा चावला. तिसरा. मग डोळे उघडले.

“मला कळलं नाही,” ते म्हणाले. “यंत्र लावा.”

मालक हसले. “काका, पहिलाच दिवस आहे. होईल सवय.”

“पहिला दिवस नाही,” साडूभाऊ म्हणाले. “दात गेले तेव्हापासून मला कळत नव्हतं. चावत नव्हतोच मी. नुसतं तोंड हलवत होतो. ती थप्पी तापली, ती मी ओली आत घेतली म्हणून तापली. खिडकीचा काही संबंध नाही.”

मालकांचा चेहरा उतरला. हमालांपैकी एकाने खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. मालक जरा वेळाने म्हणाले, “आत या, बोलू.” साडूभाऊ म्हणाले, “येतो. आधी मागे जाऊन येतो.”

थप्प्यांच्या मधल्या बोळातून आम्ही मागच्या फाटकाकडे गेलो. वॉचमन स्टुलावर बसला होता, पायाशी पाण्याची बाटली. आम्हाला बघून उठला. साडूभाऊंनी जे फाटकात सांगितलं तेच त्याला सांगितलं. “सगळ्यांच्या देखत बोलणी तू खाल्लीस,” म्हणाले, “चूक माझी होती.”

वॉचमनने त्यांच्याकडे पाहिलं. “मला माहीत होतं, काका.”

“तुला कसं माहीत?”

“खिडकी मी माझ्या हाताने लावली होती. मग पाणी आत येणार कुठून?” तो म्हणाला. “पोतीच ओली आली असणार. आणि आत पाठवली तुम्हीच.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो होतो. खिडकी लावली होती म्हणून सांगितलं होतं. तुम्ही तिथेच उभे होता.”

साडूभाऊंची मान खाली गेली. मी दुसरीकडे बघायला लागलो. मग वॉचमनने त्यांना बसायला स्टूल पुढे केलं, आणि ते बसले.

त्यांच्या मुठीत अजून तो गहू होता. वॉचमनने मूठ उघडायला लावली आणि एक दाणा उचलून त्यांच्यापुढे धरला.

“नवीन दातांनी तुटतो का पण?”

“तुटतो.”

“मग चावत राहा,” तो म्हणाला. “कळेल हळूहळू. इथे कोणी घाई करत नाही.”

साडूभाऊंनी तो दाणा घेतला, पुढच्या दातांत धरला आणि चावला.